युरोपी बिअरची चाखणी आणि गुणांकन: गोव्याच्या हवेत पहिली कुठली जमेल?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी युरोपातल्या निरनिराळ्या शैलींच्या बिअर वही-पेन घेऊन चाखतो आहे. पुढे स्वतः बनवायची आहे. आपल्याकडे त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि त्याशिवाय मी चूल पेटवणार नाही. त्यामुळे कागदपत्रांचं मार्गी लागेपर्यंत जीभ तरी तयार करू असं ठरवलं. पणजी-म्हापशाच्या दुकानांत मिळालेल्या बाटल्या, ब्रसेल्सला राहणाऱ्या मावसबहिणीने सामानातून आणलेल्या काही आणि इथल्या ब्रूपबमधले (स्वतःची बिअर बनवून विकणाऱ्या पबमधले) ग्लास, एवढ्यावर हे टिपण बेतलं आहे.

गुण देताना बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेचा ५० गुणांचा तक्ता वापरतो. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण प्रभावाला १०. रूपाला फक्त ३ आहेत हे मला फार आवडलं. सोनेरी रंग आणि दाट फेस बघून आपण निम्मे गुण आधीच देऊन बसतो, ती सवय या तक्त्याने मोडते.

शेजारी मी माझा एक रकाना काढला आहे, १० गुणांचा: 'इथे जमेल का?' पणजीत मे महिन्यात दुपारी पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि रात्रीही २६ च्या खाली क्वचितच उतरतो. त्यात आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, म्हणजे भांड्याच्या आत खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्तच. ज्या शैलीला हे मानवत नाही ती कितीही आवडली तरी पहिली बिअर म्हणून हातात घेऊ नये, असं माझं मत होत चाललं आहे. तुम्ही ते तपासून बघावं म्हणून हा धागा.

सुरुवात चेक पिल्सनरपासून केली. आज जगभर 'बिअर' म्हणून जी फिकट लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बिअर) मिळते तिचं मूळ तिथे आहे. १८४२ मध्ये प्लझेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), झाटेक भागातले साझ हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं), तिथलं अत्यंत मऊ पाणी आणि थंडीत काम करणारं लागर यीस्ट एकत्र आणलं. पिल्सनर उर्केलमध्ये अल्कोहोल ४.४% म्हणजे बेताचं, कडवटपणा मात्र ४० आयबीयूच्या (कडूपणा मोजायच्या एककाच्या) आसपास. एवढा कडूपणा असून तो बोचत नाही, कारण खाली माल्टचा भरीव गोडवा आहे. माल्टमध्ये पावाच्या सालीचा वास, हॉप्समध्ये ओल्या गवताचा आणि मिरीचा, आणि घोट गेल्यावर लोण्याची अगदी पुसट झाक. ही झाक डायअसेटिल या द्रव्याची. जर्मन लागरमध्ये ती दोष धरतात, चेक पिल्सनरमध्ये थोडी खपते. मला ती आवडली. गुण ४२. इथे जमेल का: २. आठ ते बारा अंशांवर आंबवायचं, मग शून्याजवळ काही आठवडे मुरवायचं. त्यासाठी फ्रिज वेगळा हवा आणि पावसाळ्यात वीज टिकायला हवी.

म्युनिकची हेलेस ही तिचीच मवाळ बहीण. श्पाटेन ब्रुअरीने ती १८९४ मध्ये आणली. हॉप्स मागे, माल्ट पुढे. ३८ गुण, अडचणी त्याच.

खरा रस वाटला तो गव्हाच्या बिअरमध्ये. बव्हेरियन हेफेवायझेनमध्ये निदान अर्धा माल्ट गव्हाचा लागतो. ग्लास नाकाशी नेला की पिकलेलं केळं आणि लवंग, आणि घटकांत यातलं काहीच नाही! सगळं यीस्टचं काम. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, लवंगेचा ४-व्हिनिलग्वायकॉलचा. एर्डिंगर सौम्य वाटली, ३५ दिले. वायनश्टेफानरला ४४: दोन्ही वास भरपूर, एकमेकांना दाबत नाहीत, आणि ५.४% अल्कोहोल असूनही शेवट हलका. इथे जमेल का: ६. ही शैली उष्णतेत केळ्याकडे झुकते असं वाचलंय. कोणी करून बघितली असेल तर सांगा.

बेल्जियन विटबिअर. पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये होगार्डन गावात ही जवळजवळ नाहीशी झालेली शैली परत उभी केली. माल्ट न केलेला गहू, धणे, कडू संत्र्याची साल. सुंगटांच्या (कोळंबीच्या) किसमुराबरोबर प्यायलो. खोबरं आणि सुक्या सुंगटांचा खारा वास या बिअरला इतका मानवला की नुसती चाखली तेव्हाचे ३६ गुण मला कमी वाटू लागले. पण खाण्यासोबतचे गुण वेगळ्या पानावर लिहायचे हा नियम पाळला. इथे जमेल का: ७.

ट्रिपलला आत्तापर्यंतचे सर्वाधिक, ४५. बेल्जियममधल्या वेस्टमालेच्या मठातली, १९३४ पासूनची, ९.५%. रंग पिल्सनरच्या जवळ जाणारा सोनेरी, आणि अल्कोहोल अजिबात भाजत नाही, कारण साखर घालून अंग हलकं ठेवलेलं असतं. नासपती, मिरी, थोडं संत्रं. आपल्या लाटंबार्शाच्या ब्रुअरीतली माका दीची ट्रिपलही चाखली. ती जास्त गोडसर आहे, पण एवढ्या जवळ ही शैली बनते याचा आनंद वाटला.

आयरिश ड्राय स्टाउट: भाजलेल्या, माल्ट न केलेल्या बार्लीचा कोरडा कडूपणा, ४०. इंग्लिश बिटर ताजी मिळालीच नाही, म्हणून नोंद नाही. बांबर्गची राउखबिअर, म्हणजे बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची: पहिला घोट जड गेला, पण चोरीस-पाव (गोव्याचं मसालेदार सॉसेज आणि पाव) खाताना तीच बाटली संपूच नये असं झालं. ३९.

ग्यूझला मी गुण दिले नाहीत. एक, दोन आणि तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेल्या लँबिक (हवेतल्या यीस्टवर आंबलेल्या बेल्जियन बिअर) एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवतात. आंबट, तुरट, ओल्या लाकडाचा आणि गोठ्याचा वास. जी चव मोजायला माझ्याकडे अजून माप नाही तिला आकडा चिकटवणं अन्यायाचं होईल.

आणि सेझों. बेल्जियमच्या वालोनिया भागातल्या शेतघरांत हिवाळ्यात करून उन्हाळ्यात मजुरांना देत ती बिअर. सेझों द्यूपाँ ६.५%, कोरडीठाक, मिरी आणि लिंबाच्या सालीचा वास, जिभेवर सणसणीत बुडबुडे. ४१ गुण. तिचं यीस्ट ३० अंशांच्या वर खुशीत काम करतं, म्हणून इथे जमेल का: ९. चार गुणांनी मागे असलेली ही बिअर ट्रिपलच्या आधी शिकावी असं वाटतंय. बरोबर आहे का?

जांभा

उत्तम टिपण. एक मुद्दा गुणांच्याही आधीचा: बाटलीची तारीख लिहिली आहेत का? युरोपातून निघालेली बिअर जहाजाच्या कंटेनरमध्ये, मग बंदरावर, मग गोदामात आणि शेवटी दुकानाच्या फळीवर तापते. मला एका दुकानातून मिळालेली जर्मन पिल्सनर ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची निघाली. तो वास ऑक्सिजनने केलेल्या नासाडीचा, शैलीचा नव्हे. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्यांत आणखी एक धोका असतो. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की गंधकाचा एक उग्र वासाचा रेणू तयार होतो. कित्येकांना वाटतं की परदेशी लागरचा वास असाच असतो.

एक प्रयोग सुचवतो. एकाच लागरच्या दोन हिरव्या बाटल्या घ्या. एक फ्रिजमध्ये, दुसरी तासभर गोव्याच्या उन्हात. नंतर दुसरीही फ्रिजमध्ये गार करून दोन्ही शेजारी शेजारी वास घ्या. एकदा हा वास कळला की पुढे कधी फसणार नाही.

मृगाचा_पाऊस

वाचतेय. धणे आणि संत्र्याची साल वाचून फार उत्सुकता वाटली.

सांजवारा

मी परवानाधारक ब्रूपबमध्ये ब्रुअर म्हणून काम करते, त्यामुळे तापमानाबद्दल थोडं.

हेफेवायझेनबद्दल तुम्ही वाचलंत ते ढोबळमानाने खरं आहे. १७-१८ अंशांवर लवंग आणि केळं तोलात राहतात, २२-२३ च्या पुढे केळं वरचढ होतं आणि आणखी वर गेलं की द्रावकासारखा उग्र वास येतो. पण लवंगेची तयारी त्याआधीच, माल्ट पाण्यात भिजवताना होते. सुरुवातीला मिश्रण ४५ अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं थांबवलं तर फेरुलिक आम्ल सुटतं, आणि यीस्ट त्याचंच लवंगेच्या वासात रूपांतर करतं. ही पायरी वगळली की नुसतं केळं उरतं आणि लोक दोष यीस्टला देतात. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान वीसच्या आसपास जातं. तेव्हा भांडं पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत राहिलं तर हेफेवायझेन साधते. तुमचे ६ गुण हिवाळ्यापुरते योग्य, मे महिन्यात मी ३ देईन.

ट्रिपल दुसरी ठेवण्याशी सहमत. ९.५% पर्यंत न्यायला निरोगी यीस्ट भरपूर लागतं, आणि पहिले दोन-तीन दिवस तापमान आवरलं नाही तर अल्कोहोल घशाला जाळतं. वेस्टमालेत ते भाजत नाही यामागे साखरेइतकाच या शिस्तीचा हात आहे.

कुळागर

ग्यूझला गुण दिले नाहीत हे मला पटलं. पण तिची ओळख आम्हा कुळागरवाल्यांना (बागायतदारांना) नवी नाही. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस आम्ही यीस्ट न घालताच ठेवतो. बोंडांच्या सालीवरचं आणि हवेतलं जे असेल ते त्याला दोन-तीन दिवसांत आंबवतं, आणि मगच तो भट्टीवर चढतो. बेल्जियममध्ये उकळलेलं माल्टचं पाणी रात्रभर उथळ भांड्यात उघडं ठेवतात, तिथेही बाहेरून यीस्ट घालत नाहीत.

फरक वेळेचा. आमचा रस आंबला की लगेच हुर्राक (पहिल्या भट्टीची हलकी दारू) काढतात, त्यामुळे उरलेल्या जिवाणूंना वावच मिळत नाही. त्यांची लँबिक वर्षानुवर्षं पिंपात, म्हणून ती फक्त थंडीच्या महिन्यांत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, करतात. गरम रात्री उघडं ठेवलं तर नको ते जिवाणू आधी घुसतात. आपल्याकडे तशी थंड रात्र येतच नाही. म्हणून मांडवीकाठ बाब, तुमच्या दुसऱ्या रकान्यात ग्यूझला शून्य लिहा, आणि पहिल्या रकान्यासाठी पुढच्या मोसमात आमच्याकडे येऊन आंबलेला रस हुंगून जा. गोठ्याचा वास म्हणताय तो त्यातही कधीकधी असतो.

मांडवीकाठ

कुळागर, देव बरें करूं! मोसमात नक्की येतो. जांभा, तारखा लिहिल्या आहेत, आणि तुमचं वाचून पुठ्ठ्याचा वास आलेल्या दोन नोंदी गुणांकनातून काढल्या. उन्हाचा प्रयोग या रविवारी.

सांजवारा ताई, ४५ अंशांची पायरी वहीत मोठ्या अक्षरात लिहिली. मग सेझोंच्या ९ गुणांबद्दल तुमचं काय मत?

फोंडेकर

पाण्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही म्हणून लिहितो. प्लझेनचं पाणी मऊ म्हणून पिल्सनर, इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्सम म्हणून तिथली कडक, कोरडी पेल एल. जांभ्या दगडातलं आपलं विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊच असतं, फक्त किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारेपणा येतो. म्हणजे पाण्याच्या बाबतीत आपण बर्टनपेक्षा प्लझेनच्या जवळ आहोत. मऊ पाण्यात जिप्सम मोजून घालता येतं, जड पाण्यातून ते काढणं कठीण, म्हणून ही आपली जमेची बाजू.

नळाचं पाणी वापरणार असाल तर आधी क्लोरीन घालवा. माल्ट आणि यीस्टमधल्या फिनॉलशी त्याची गाठ पडली की बँडेज-पट्टीचा औषधी वास येतो आणि तो काही केल्या जात नाही. कार्बन फिल्टर किंवा चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं.

सांजवारा

सेझोंचे ९ मी कायम ठेवते, दोन अटींवर.

पहिली, द्यूपाँच्या जातीचं यीस्ट सुरुवातीला जोरात धावतं आणि मधेच थांबतं. नवशिक्याला वाटतं संपलं. तेव्हा त्याला ३०-३२ अंशांची ऊब दिली की ते पुन्हा चालू लागतं. युरोपातला हौशी ब्रुअर यासाठी हीटिंग पट्टा गुंडाळतो, आपल्याला एप्रिल-मे पुरे.

दुसरी अट सुरक्षेची आणि ती हलक्यात घेऊ नका. सेझोंची बरीच यीस्ट डायस्टॅटिकस प्रकारची असतात. इतर यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा ती तोडून खातात आणि हळूहळू आठवडेच्या आठवडे खात राहतात. घाईने बाटलीत भरलं तर आत वायू साठत जातो आणि काच फुटते. घनता मोजायचा हायड्रोमीटर घ्या, निदान आठवडाभर आकडा हलला नाही तरच बाटल्या भरा, आणि जाड काचेच्याच वापरा. भांडी-नळ्या नंतर नीट निर्जंतुक करा, नाहीतर तेच यीस्ट पुढच्या हेफेवायझेनमध्ये शिरेल.

याच्या जोडीला नॉर्वेचं क्वेइक बघा. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या घरात जपलेलं यीस्ट, वाळवून ठेवायचे. व्हॉस गावाकडचं क्वेइक ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ काम करतं, संत्र्याचा मंद वास देतं आणि बहुतेकदा चार-पाच दिवसांत आंबवणं संपवतं. मांडवीकाठ, चाखायच्या यादीत नॉर्वे नाही, ती जागा भरा.

मृगाचा_पाऊस

माझी शंका. जर्मनीत लाइपझिगकडे मीठ आणि धणे घातलेली आंबट गोझं असते ना? आमच्या पेडण्यात, आगरवाड्याला मिठागरं आहेत, घरात धणे आहेत, आंबटपणा आपल्या जेवणाचा पायाच. सोलं (आमसुलं) घालून असं काही होईल का? की मूळ शैलीचा अपमान?

सांजवारा

अपमान मुळीच नाही. गोझं स्वतःच नियमाला अपवाद आहे. १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता कायद्यात पाणी, बार्ली आणि हॉप्सच होते. मीठ-धण्यांची गोझं जर्मनीत प्रादेशिक खासियत म्हणून टिकली.

आणि इथे हवा आपल्या बाजूने आहे. आंबटपणा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचा, आणि त्यांना ३५ ते ४० अंश आवडतात. माल्टचं पाणी त्या तापमानाला एक-दोन दिवस झाकून ठेवायचं, हवा तेवढा आंबटपणा आला की उकळून जिवाणू मारायचे, मग नेहमीसारखं यीस्ट. मीठ बिनआयोडिनचं घ्या, म्हणजे मिठागराचं चांगलंच, फक्त विरघळवून गाळून. धणे आपले लांबट, उकळीच्या शेवटी भरडून, वीस लिटरला दहा-पंधरा ग्रॅम. सोलं मात्र आंबवणं संपल्यावर आणि थोडी. त्यांचा स्वतःचा आंबटपणा आणि बहुतेक सोलांना लावलेलं मीठ धरून हिशेब करावा लागेल. पण आधी साधी गोझं चाखा. मूळ चव ठाऊक नसताना सोलं घातली तर काय बदललं ते कळणार नाही.

कुळागर

माडाच्या गुळाबद्दल कोणी बोललं नाही. बेल्जियन डबलमध्ये काळपट कँडी सिरप घालतात, त्यातून मनुका-खजुराचा वास येतो. आपला काळा माडाचा गूळ त्या जागी चालेल असं मला वाटतं. त्याला किंचित खारट अंग असतं, ते माल्टला उठाव देईल. उसाच्या गुळाने ते होणार नाही.

जांभा

कल्पना फार आवडली. पण आधी शिमे किंवा रोशफोर या बेल्जियन मठांतल्या बिअर शेजारी ठेवून, नुसतं गुळाचं पाणी कोमट करून वास ताडून बघा.

अजून एक, चाखायच्या पद्धतीबद्दल. आपल्याकडे ग्लास बर्फात ठेवून देतात. पिल्सनरला ६-७ अंश ठीक, पण ट्रिपल १० ते १२ अंशांवर आणि डबल त्याहूनही जराशी कोमट घेतली तरच वास उघडतो. क्रम हलक्याकडून जडाकडे. मधे पाणी आणि पोदेराच्या उंड्याचा (बेकरीतल्या गोल पावाचा) तुकडा. तळलेली मासळी चाखणी संपल्यावर, कारण तेलकट ओठांनी फेस बसतो आणि पोताचे गुण उगाच कमी होतात.

मांडवीकाठ

हा धागा माझ्या वहीपेक्षा जड झाला, सगळ्यांचे मनापासून आभार. बदल असे करतो आहे. पुढच्या फेरीपासून गुण आंधळेपणाने: बायको आतल्या खोलीत तीन ग्लास भरेल, दोनांत एकच बिअर आणि तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखता आला नाही तर त्या दोन बिअरमधला माझा गुणांचा फरक खोटा धरायचा. पहिली जोडी किंग्स (गोव्यातली लागर) आणि हेलेस, कारण त्यांत चार-पाच गुणांचं अंतर मी ठोकून दिलंय ते खरं आहे का हे बघायचंय. ट्रिपलचे ४५ तूर्त तसेच. पहिली बिअर सेझों, हे पक्कं. परवान्यासाठी पणजीच्या उत्पादन शुल्क कार्यालयात लेखी विचारणा दिली आहे.

सांजवारा ताई, परवान्याला वेळ लागला तर तुमच्या ब्रूपबमध्ये एखाद्या दिवशी हाताखाली काम करायला येऊ का? भांडी घासायलाही चालेल.

सांजवारा

जरूर या, निम्म्याहून जास्त काम भांडी घासण्याचंच असतं. मालकांशी बोलले, परवान्यात बसतं तेवढी दहा लिटरची चाचणी आमच्याच जागेत करू द्यायला ते तयार आहेत. माप लिहून ठेवा: पिल्सनर माल्ट २ किलो, गव्हाचा माल्ट ३०० ग्रॅम. मिश्रण ६५ अंशांवर तासभर, म्हणजे सुरुवातीची घनता १.०५० च्या जवळ येईल. हॉप्स साझ, कडवटपणा २५ आयबीयूच्या आसपास. मसाला काहीच नाही, मिरीचा वास यीस्टला आणू दे. शेवटची घनता १.००६ च्या खाली उतरल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. मृगाचा_पाऊस, तुम्हीही या, येताना आगरवाड्याचं मीठ आणा. त्याच दिवशी गोझंसाठी किती विरघळवायचं ते पाण्यात चाखून ठरवू.